नाशिकहून लक्षद्वीपला निघण्यापूर्वी लाटांचा अंदाज कसा वाचावा

पावसाळ्यात गोदाकाठी जाण्यापूर्वी आपण गंगापूर धरणाच्या विसर्गाची चौकशी करतो. त्याच काळजीने लक्षद्वीपला निघणाऱ्या नाशिककरांनी केवळ पावसाचा अंदाज न पाहता हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा सागरी अंदाजही पाहावा. त्यातील लाटांची उंची ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे २ मीटरचा अंदाज असतानाही एखादी लाट जवळपास दुप्पट उंच येऊ शकते. माझ्या मते लाटांचा आवर्तनकाळ, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधील वेळ, आधी वाचावा, कारण दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांतून निघालेल्या, १५ सेकंदांहून अधिक आवर्तनकाळाच्या लाटा स्थानिक वारा शांत असतानाही किनाऱ्यावर अचानक चढतात. तसा इशारा असल्यास पाण्यात मुळीच उतरू नये. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा प्रवास टाळावा.