दहा वर्षांच्या कमाईवरून शेअर जोखताना

टाटा स्टीलचा 2021-22 चा कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्या धरून, निव्वळ नफा 41,749 कोटी रुपये होता. मार्च 2022 अखेरच्या भावाला त्या वर्षीच्या प्रति शेअर नफ्याने भागलं तर येणारं गुणोत्तर, म्हणजे पी/ई, चारच्या आसपास येतं. पुढच्या वर्षी नफा 8,075 कोटींवर उतरला आणि 2023-24 ला 4,910 कोटींचा तोटा झाला. म्हणजे शेअर सगळ्यात स्वस्त दिसत होता तेव्हा नफा शिखरावर होता आणि तोट्याच्या वर्षी पी/ई काढायलाच जागा उरली नाही. पोलाद, सिमेंट, साखर, रसायनं, ट्रक अशा चढउताराच्या धंद्यांत हे पुन्हा पुन्हा घडतं. रिसर्चमध्ये नव्याने येणाऱ्याने अशा कंपन्यांसाठी दहा वर्षांच्या महागाई-समायोजित सरासरी कमाईवर भाव जोखण्याची पद्धत हाताने, एक्सेलमध्ये, एकदा तरी पूर्ण करून पाहावी.

भाव भागिले ही सरासरी कमाई, या गुणोत्तराला केप किंवा शिलर पी/ई म्हणतात. जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी 1988 च्या सुमारास ते अमेरिकी बाजाराच्या निर्देशांकासाठी वापरलं. तिथली आकडेवारी 1871 पासूनची आहे. मात्र निर्देशांकात शेकडो कंपन्या असतात, एकीचा खड्डा दुसरी भरते आणि बुडालेली कंपनी बाहेर जाऊन तिच्या जागी नवी येते. एकट्या कंपनीला ही सोय नाही. म्हणून इथे सूत्रापेक्षा दहा वर्षांच्या कमाईची साफसफाई जास्त महत्त्वाची, आणि मेहनतीतला बहुतेक वेळ तिथेच जातो.

आधी गणित. दहा आर्थिक वर्षांचे प्रति शेअर नफ्याचे म्हणजे ईपीएसचे आकडे घ्या. प्रत्येक वर्षाच्या ईपीएसला शेवटच्या वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने गुणा आणि त्या-त्या वर्षाच्या निर्देशांकाने भागा. दहाही आकड्यांची सरासरी काढा आणि आजचा भाव तिने भागा.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. 2014-15 ते 2023-24 चे तिचे ईपीएस असे: 12, 4, 10, 18, 22, 6, 14, 48, 20 आणि उणे 2. निर्देशांक मात्र खरे, 2012 आधार वर्षाच्या मालिकेतले वार्षिक सरासरी आकडे, जवळच्या पूर्णांकात: 119, 125, 130, 135, 140, 146, 155, 164, 175, 184. पहिल्या वर्षाचे 12 रुपये 184 ने गुणून 119 ने भागले की 18.55 होतात. 2021-22 चे 48 रुपये 53.85 होतात. दहांची बेरीज 189.09, सरासरी 18.9. शेअरचा भाव 300 रुपये असेल तर केप 15.9. महागाई न धरता साधी सरासरी घेतली असती तर ती 15.2 आली असती आणि गुणोत्तर 19.7. हा फरक किरकोळ नाही. 2014-15 मध्ये मिळवलेल्या रुपयाची खरेदीची ताकद 2023-24 च्या रुपयाच्या दीडपट होती आणि साधी सरासरी ते विसरते.

उणे 2 तसाच ठेवला आहे, हे पाहा. तोट्याचं वर्ष गाळणं किंवा शून्य धरणं ही नवख्यांची सर्वाधिक दिसणारी चूक आहे. तोट्याची वर्षं हीच तर सरासरी काढण्यामागची गरज. उलट बाजूने, एकच फार मोठं वर्ष सरासरी किती उचलतं हेही तपासा. वरच्या उदाहरणात 53.85 काढून उरलेल्या नऊ वर्षांची सरासरी 15 येते आणि गुणोत्तर 20 वर जातं. मध्यक घेतला तर कमाई 17.6 आणि गुणोत्तर 17. तिन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. ते एकमेकांपासून फार लांब असतील तर एका आकड्यावर मत बनवू नका, पल्ला सांगा.

निर्देशांक कोणता घ्यायचा यावर घोळ होतो. आयकराचा खर्च चलनवाढ निर्देशांक हाताशी असतो, तक्ताही छोटा असतो, म्हणून पुष्कळ जण तोच घेतात. तो घेऊ नका. त्यात ग्राहक किमतींच्या वाढीचा फक्त 75 टक्के भाग धरलेला असतो, त्यामुळे जुनी कमाई खरी असावी त्यापेक्षा कमी दिसते. घाऊक किंमत निर्देशांकही नको. 2015-16 मध्ये तो उतरला होता, पण घरखर्च काही उतरला नव्हता. सांख्यिकी मंत्रालयाचा एकत्रित ग्राहक किंमत निर्देशांक योग्य, पण ती मालिका 2011 पासूनच आहे. त्यामागे जायचं तर श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक घ्या. त्याचं आधार वर्ष 2001 वरून 2016 झालं तेव्हाचा जोडगुणक 2.88 आहे: नव्या मालिकेतला 130 हा आकडा जुन्या मालिकेत 374.4 होतो. हा गुणाकार विसरला की एका वर्षात किमती दोन-तृतीयांशाने घटल्यासारख्या दिसतात आणि सगळी शीट चुकते. नफा एप्रिल ते मार्च जमा होतो, म्हणून निर्देशांकाचीही त्याच बारा महिन्यांची सरासरी घ्या, एकट्या मार्चचा आकडा नको.

आता साफसफाई. बोनस आणि स्प्लिटसाठी जुने ईपीएस दुरुस्त करायलाच हवेत. टाटा स्टीलने जुलै 2022 मध्ये 10 रुपये दर्शनी किमतीचा शेअर 1 रुपयाचा केला, तेव्हा त्याआधीचा प्रत्येक ईपीएस दहाने भागायचा. पण क्यूआयपी (मोठ्या संस्थांना नवे शेअर विकणं) किंवा प्रेफरेन्शियल इश्यूने (निवडक गुंतवणूकदारांना विकणं) शेअर वाढले असतील तर जुना ईपीएस तसाच राहू द्या, कारण त्या शेअरपोटी कंपनीत पैसा आला आहे. जुन्या वर्षांचा एकूण नफा आजच्या शेअरसंख्येने भागला तर नवा पैसा येण्याआधीची कमाई नव्या भागधारकांत वाटल्यासारखं होतं. राइट्स इश्यू, म्हणजे जुन्याच भागधारकांना नव्या शेअरची विक्री, बाजारभावाच्या बराच खाली असेल तर त्यात बोनसचा अंश असतो, तेवढ्यापुरती दुरुस्ती लागते. तयार आकडे देणाऱ्या संकेतस्थळांवरून ईपीएस घेतलात तर निदान दोन वर्षं वार्षिक अहवालाशी ताडून पाहा.

आकडे शेवटपर्यंत कन्सॉलिडेटेडच हवेत. अधूनमधून स्टँडअलोन (उपकंपन्या सोडून फक्त मूळ कंपनीचे) मिसळले तर काय होतं त्याचं मोठं उदाहरण बाजारातच आहे. एनएसईने 31 मार्च 2021 पासून निफ्टीचा पी/ई कन्सॉलिडेटेड कमाईवर काढायला सुरुवात केली आणि तो एका दिवसात चाळिशीवरून तेहतीसच्या आसपास आला. निफ्टीचे पी/ई वर्षानुवर्षांचे म्हणून शेजारी मांडणाऱ्याने हा सांधा लक्षात ठेवलाच पाहिजे.

अपवादात्मक बाबींवर मत ठाम असावं. सरसकट सगळ्या काढणं चूक, सरसकट ठेवणंही चूक. बॉम्बे डाइंगने 2023 मध्ये वरळीची जमीन सुमारे 5,200 कोटींना विकायचा करार केला. असा नफा कापडाच्या किंवा पॉलिएस्टरच्या धंद्यातून आलेला नसतो आणि तीच जमीन पुन्हा विकता येत नाही. तो सरासरीतून काढा, आणि त्यातून आलेली रोकड शिल्लक असेल तर मूल्यांकनात वेगळी मिळवा. पण एखादी कंपनी दर दोन-तीन वर्षांनी ‘अपवादात्मक’ म्हणून परदेशी उपकंपनीचं मूल्य निर्लेखित करत असेल तर तो तिच्या धंद्याचा नेहमीचा खर्च आहे. व्यवस्थापनाने चुकीच्या खरेदीत घातलेला पैसा भागधारकांचाच होता. तो सरासरीत राहू द्या.

कराचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. सप्टेंबर 2019 मध्ये 22 टक्के दराचा पर्याय आला, अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के. पूर्वी मोठ्या कंपन्यांचा पूर्ण दर 34.94 टक्के होता. पूर्ण दराने कर भरणाऱ्या कंपनीला त्याच करपूर्व नफ्यावर आता 15 टक्के जास्त निव्वळ नफा उरतो. म्हणून 2019 पूर्वीच्या वर्षांचा करपूर्व नफा घेऊन त्यावर आजचा दर लावलेली दुसरी ओळ शीटमध्ये असू द्या. दर बदलल्यावर जुनी डिफर्ड टॅक्स मालमत्ता (पुढच्या करात वाचणारी रक्कम) कमी करावी लागल्याने 2019-20 मध्ये काही बँकांचा नफा एकदाच खाली आला, तेही तळटिपांत सापडतं.

एवढं करूनही काही कंपन्यांना ही पद्धत लावता येत नाही, आणि हे आधी ओळखता येणं ही खरी कसोटी. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र 2016-17 ते 2018-19 अशी तीन वर्षं तोट्यात होती, जून 2017 ते जानेवारी 2019 रिझर्व्ह बँकेच्या त्वरित सुधारणा चौकटीत (कमकुवत बँकांवरच्या निर्बंधांत) होती, आणि सरकारने भांडवल ओतल्याने तिची शेअरसंख्या कित्येक पटींनी वाढली. तेव्हाचा प्रति शेअर तोटा आणि आजचा प्रति शेअर नफा यांची सरासरी काहीच सांगत नाही. टाटा मोटर्सचंही तसंच. ऑक्टोबर 2025 मध्ये व्यापारी वाहनांचा धंदा वेगळा झाला. आधीच्या दहा वर्षांचा कन्सॉलिडेटेड ईपीएस आज दोनपैकी एकाही शेअरचा नाही. तिथे सेगमेंटच्या (धंदानिहाय) आकड्यांपासून नव्याने सुरुवात करावी लागते.

वेगाने वाढणाऱ्या कंपनीवर केप अन्याय करतो. ईपीएस दरसाल 20 टक्के आणि महागाई 5 टक्के असेल तर दहा वर्षांची समायोजित सरासरी आजच्या ईपीएसच्या जेमतेम 59 टक्के भरते. तिचा पी/ई 30 असेल तर केप 51 दिसेल, आणि त्यातली वाढ फुगलेल्या भावामुळे आलेली नसून निव्वळ गणितामुळे आहे. अशा वेळी, आणि बँकांसाठी तर नेहमीच, दुसरा मार्ग बरा: दहा वर्षांचा सरासरी आरओई (भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा) काढा आणि आजच्या प्रति शेअर पुस्तकी मूल्याला (मालमत्ता वजा देणी) लावा. सरासरी 14 टक्के आणि पुस्तकी मूल्य 200 रुपये असेल तर सर्वसाधारण कमाई 28 रुपये. यात चढउतार सपाट होतात, पण कंपनीचा वाढलेला आकार हरवत नाही.

केप 15.9 आला, मग पुढे काय? अमेरिकी निर्देशांकाची दीर्घकालीन सरासरी सोळा-सतराच्या घरात आहे, पण ती एखाद्या भारतीय साखर कारखान्याला लावू नका. अमेरिकेतही 1990 च्या दशकापासून तो बहुतेक काळ सरासरीच्या वरच राहिला, सरासरीची वाट पाहणारे कैक वर्षं बाहेर बसले. गुणोत्तर उलटं करा: 18.9 भागिले 300, म्हणजे 6.3 टक्के. हा महागाई वजा जाता परतावा आहे. याची तुलना 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीशी करून शेअर महाग ठरवणं साफ चूक, कारण ठेवीच्या 7 टक्क्यांतून महागाई अजून वजा व्हायची आहे.

समजा तुम्हाला महागाईवर 8 टक्के हवेत. कंपनी अजिबात वाढणार नाही आणि सगळी कमाई वाटून टाकेल असं धरलं तर 18.9 ला 0.08 ने भागून 236 रुपये येतात. भाव 300 आहे, म्हणजे बाजार काही वाढ गृहीत धरतो आहे. किती, तेही काढता येतं. कंपनी कमाईच्या 40 टक्के लाभांश देत असेल तर लाभांशाचा उतारा, म्हणजे भावाच्या तुलनेत लाभांश, 2.5 टक्के. उरलेले साडेपाच टक्के वाढीतून यायला हवेत आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या 60 टक्के कमाईवर महागाई वजा जाता सुमारे 9 टक्के परतावा मिळायला हवा. गेल्या दहा वर्षांत नव्या क्षमतेवर कंपनीने तेवढा मिळवला का, हा प्रश्न अहवालात जाऊन तपासता येतो. तिथून पुढचं काम कारखान्याच्या क्षमतेचं, कर्जाचं आणि कच्च्या मालाचं आहे.

दरवर्षी मार्चचे निकाल आले की एक वर्ष आत येतं आणि एक बाहेर जातं. वरच्या उदाहरणात 2021-22 हे तेजीचं वर्ष 2030-31 पर्यंत सरासरीत राहील आणि 2031-32 चे आकडे भरताना गळून पडेल. त्या दिवशी भाव जागचा हलला नाही तरी केप वाढलेला दिसेल. म्हणून शीटमध्ये गुणोत्तराशेजारी बाहेर पडणाऱ्या वर्षाचा समायोजित ईपीएस लिहायचा एक रकाना आधीपासून ठेवा.