थकलेल्या बिलाची मागणी करणारं पत्र कसं लिहावं

मोठ्या कंपनीकडे बिल अडकलं की जो तो सांगतो, "नम्रपणे लिहा, संबंध बिघडवू नका." नम्र लिहाच. पण मोघम लिहू नका.

पीओ (खरेदीची ऑर्डर), बिल, सही-शिक्क्याचं चलन, जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) समोर घेऊन बसा. पत्र परचेसमधल्या ओळखीच्या माणसाला नको, अकाउंट्समध्ये पेमेंट पास करणाऱ्याला, त्याच्या नावाने. परचेसला प्रत द्या. विषयाच्या ओळीत बिल नंबर, तारीख आणि रक्कम आलीच पाहिजे.

खरी कसोटी दुसऱ्या परिच्छेदाची. मी भोसरीत छोटं मशीन शॉप चालवतो आणि कित्येक वर्षं माझं गाडं इथेच अडायचं. "कामगारांचे पगार थकलेत, बँकेचा हप्ता तोंडावर आलाय, कृपया सहकार्य करावे," असं लिहायचो. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. शेवटी एका कंपनीतल्या अकाउंट्सच्या मॅडमनी मला समोर बसवून फाइल उघडली. माझी तीन पत्रं तारखेप्रमाणे लावलेली होती, पण एकावरही जीआरएन नंबर नव्हता. बिलावर पीओचा जुना दर पडला होता, म्हणून ते सिस्टिममध्येच अडकलेलं. त्या म्हणाल्या, "तुमची अडचण कळते हो, पण साहेबांपुढे काय ठेवू?"

त्या दिवसापासून दुसऱ्या परिच्छेदात मी माझी अडचण लिहीत नाही. साहेबांपुढे ठेवता येईल असं कारण लिहितो आणि ते कायद्यातच आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत लेखी करारातही ठेवता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आहे: ही मुदत चुकली, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी धरता येतो. म्हणून मार्चमध्ये हे वाक्य फार काम करतं. मात्र तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेले उत्पादक किंवा सेवा देणारे असाल तरच ते लिहा. मध्यम उद्योगाला आणि नुसत्या व्यापाऱ्याला हे लागू नाही.

मी असं लिहितो:

"आपल्या पीओनुसार २०० बुश ४ जानेवारीला स्वीकारले गेले, जीआरएन सोबत आहे. ठरलेली ४५ दिवसांची मुदत १८ फेब्रुवारीला संपली. रु. १,८६,००० कृपया २० मार्चपर्यंत जमा करावेत. ३१ मार्चपूर्वी रक्कम दिल्यास हा खर्च आपणांस याच आर्थिक वर्षात धरता येईल. कागदांत त्रुटी असल्यास १२ मार्चपर्यंत कळवावे, दुरुस्त प्रत दुसऱ्या दिवशी पाठवू."

"लवकरात लवकर" हे शब्द दिसले की खोडा आणि तारीख घाला. एका पत्रात एकच मागणी. पुढच्या ऑर्डरचा विषय त्यात घुसडू नका. उशिराबद्दल कायद्याने बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, पण पहिल्याच पत्रात ते काढलंत की फाइल अकाउंट्सकडून कायदा विभागाकडे जाते आणि तिथून ती हलत नाही. व्याज दुसऱ्या पत्रात. त्यानंतरही दाद लागली नाही, तर थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. तेव्हा हीच पत्रं पुरावा म्हणून जोडता येतात.

ईमेल करा, छापील प्रतीवर पोच घ्या. चौथ्या दिवशी फोन करा आणि पैशांचं न विचारता एवढंच विचारा, "कागदांत काही कमी आहे का?"