खोली दुपारी सोडायची, विमान रात्री: सिंगापूरमधील शेवटच्या दिवसाची सोय

हॉटेलची खोली दुपारीच सोडायची होती आणि मुंबईचे विमान रात्रीचे होते, त्यामुळे जड बॅगांसह दिवस कसा काढावा हा आम्हा उभयतांपुढे प्रश्न होता. बॅगा हॉटेलातच ठेवून आम्ही लिटिल इंडियात निवांत जेवलो. संध्याकाळी मेट्रोने, ताना मेरा येथे गाडी बदलून, चांगी विमानतळ गाठला आणि बॅगा विमान कंपनीकडे सोपवण्याआधीच तेथील यंत्रावर पासपोर्ट लावून खरेदीवरील ९ टक्के जीएसटीच्या परताव्याचा अर्ज केला, कारण सीमाशुल्क अधिकारी वस्तू दाखवण्यास सांगू शकतात. परताव्यातून हाताळणी शुल्क वजा होते, तरी रक्कम सोडण्यासारखी नव्हती. उरलेला वेळ विमानतळावरील ज्युएल या खरेदी-संकुलातील ४० मीटर उंच धबधब्यापाशी, पत्नीच्या मते सहलीतला सर्वांत स्वस्त, मजेत गेला.