भाषणाला उभं राहताना या चुका टाळा

कोल्हापुरात माणसं बोलायला घाबरत नाहीत. तालमीच्या कट्ट्यावर, दूध संस्थेच्या दारात, मिसळीच्या टेबलावर एकेकाचा आवाज असा खणखणीत लागतो की रस्त्यापलीकडं ऐकू यावा. तीच माणसं हातात माईक आला की वेगळीच होतात. आवाज टिपेला जातो, श्वास तुटतो, पाय जागच्या जागी हलायला लागतात. मी वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, मुलांना आणि कार्यकर्त्यांना बोलायला शिकवतो, आणि त्याच त्या चुका बघून जीव कातावतो. त्यातल्या बहुतेक चुका रोजच्या थोड्या सरावानं जाणाऱ्या आहेत. पण सरावाला थांबायची कुणाची तयारी नसते. ‘सर, परवा भाषण आहे, काहीतरी युक्ती सांगा’ असा फोन येतो. परवाच्या भाषणासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: मजकूर निम्मा करा. खालचं सगळं महिनाभर धीर धरणाऱ्यांसाठी आहे.

छाती फुगवून सुरुवात करणं

स्टेजवर जाणाऱ्या माणसाला मागून कुणीतरी सांगतंच, ‘एक मोठा श्वास घे.’ हा सल्ला अर्धाच आहे आणि त्यामुळंच घात करतो. घाबरलेल्या माणसाची छाती आधीच भरलेली असते. त्यावर तो आणखी हवा ओढतो, खांदे कानापर्यंत जातात, मान ताठ होते आणि पहिलं वाक्य घशातूनच निघतं.

करवीर तालुक्यातला एक पैलवान माझ्याकडं आला होता. ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. लाल मातीत वाढलेला गडी, दम एवढा की विचारू नका. पण गावातल्या देवळासमोरच्या पहिल्याच सभेत दुसऱ्या मिनिटाला त्याचा आवाज चिरकला. पाचव्या मिनिटाला तो खोकत होता आणि समोरची पोरं खाली बघून हसत होती. त्याचं म्हणणं, ‘सर, दम कमी पडला असणार, रनिंग वाढवतो.’

दम कमी पडलेला नव्हता. समोरच्याला उचलताना पैलवान श्वास रोखतो. त्या वेळी घशातले स्वरतंतू घट्ट मिटतात, हवा छातीत कोंडते आणि धड कडक होतं. उचलायला ते कामाचं. बोलताना मात्र त्याच स्वरतंतूंना सैल राहून थरथरायचं असतं. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा एकमेकांवर येतात, बाईच्या आवाजात 200च्या आसपास. हा गडी ते मिटून घेत होता आणि वर जोर लावत होता. त्यात मोकळं पटांगण. भिंती नाहीत म्हणून आवाज परत येत नाही, स्पीकरची तोंडं लोकांकडं, त्यामुळं बोलणाऱ्याला स्वतःचं बोलणं नीट ऐकूच येत नाही. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरनं 1911 सालीच दाखवून दिलं होतं. देवळासमोरच्या सभेत रोज तेच घडतं.

मी त्याचं रनिंग वाढवू दिलं नाही. त्याला जमिनीवर उताणं झोपवलं आणि पोटावर एक जाड पुस्तक ठेवलं. काम एकच: दातांतून ‘स्स्स’ असा बारीक आवाज काढत सगळी हवा हळूहळू सोडायची, पुस्तक खाली जाताना बघायचं, मग काहीही न करता थांबायचं. पुढचा श्वास आपोआप आत येतो, पोटाशी येतो, खांदे हलत नाहीत. पहिले काही दिवस तो वैतागला. ‘हे भाषण आहे का झोपायचा कार्यक्रम?’ म्हणाला. हीच घाई नव्या माणसाला मारते. नंतर त्याच सुटत्या श्वासावर एक ते दहा आकडे, मग गावातल्या वाड्यावस्त्यांची नावं, मग भाषणाचं पहिलं वाक्य. शेवटच्या सभेत तो माईकपाशी गेला, आधी श्वास सोडला आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात सुरू झाला. मागून पोरं ओरडली, ‘आवाज!’ त्यानं माईक तोंडाजवळ घेतला. गळा ताणला नाही. तिथंच मला कळलं, गडी तयार झाला.

माझी स्वतःची सवय अशी: सूत्रसंचालक माझी ओळख करून देत असतो तेव्हा मी ओठ बारीक करून श्वास सावकाश बाहेर सोडतो, आत घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावून. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, त्यामुळं लांब उच्छ्वासाचा फायदा लगेच जाणवतो. पावलं पूर्ण टेकलेली, गुडघे किंचित सैल. एवढंच.

वाक्याचा शेवट गिळणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण मराठीत तिची किंमत फार मोठी आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही नंतर. श्वास संपतो तो नेमका तिथं.

एका दूध संस्थेच्या वार्षिक सभेला मी होतो. गाव आणि संस्था दोन्ही सांगत नाही. सचिव अहवाल वाचत होते, मान कागदात, एका श्वासात तीन-तीन ओळी. ‘यंदाचा फरक दिवाळीपूर्वी सभासदांच्या खात्यावर जमा करता येणार...’ इथवर ऐकू आलं आणि ‘नाही’ कागदावरच विरून गेलं. (फरक म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरापोटी सभासदाला नंतर मिळणारी वाढीव रक्कम.) टाळ्या पडल्या. मागून एकानं शिट्टी मारली. सचिवांना वाटलं, लोक समजूतदार आहेत, आणि ते पुढच्या विषयावर गेले. अध्यक्षांनी समारोपात आर्थिक अडचणीचा उल्लेख केला तेव्हा खरं काय ते लोकांना कळलं. मग खुर्च्या सरकल्या, ‘मघाशी देतो म्हणाला की!’ असा गलका झाला आणि इतिवृत्तात काय लिहायचं यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला. सचिव प्रामाणिक माणूस. एका शब्दाला श्वास उरला नाही आणि त्यांच्यावर फसवल्याचा आळ आला.

यावर माझा उपाय पेन्सिलीचा. मजकुरात क्रियापदाच्या गटाआधी उभी रेघ मारायची: ‘यंदाचा फरक दिवाळीपूर्वी सभासदांच्या खात्यावर | जमा करता येणार नाही.’ रेघेपाशी थोडी हवा घ्यायची आणि शेवटचे शब्द सुरुवातीच्याच ताकदीनं बोलायचे. घरी सराव करताना मी वाक्य उलट्या बाजूनं बांधून घेतो. आधी ‘येणार नाही’, मग ‘जमा करता येणार नाही’, मग मागचं एकेक जोडत पूर्ण वाक्य. ‘नाही’ म्हणताना नजर कागदावर नको, माणसांवर हवी. लिहिलेलं वाक्य एका श्वासात मावत नसेल तर ते तोडा. फुप्फुसं वाढवायच्या मागं लागू नका.

वाक्यांची लांबी तपासायला रंकाळ्यासारखी जागा नाही. सकाळी चालता चालता भाषण पुटपुटत नव्हे, मोकळ्या आवाजात म्हणायचं. फिरायला आलेले लोक बघतात, बघू देत. जिथं धाप लागते तिथं वाक्य लांब आहे. चालण्याच्या लयीत बोलणंही ठिकाणावर येतं आणि हात आपोआप सुटतात. म्हणून मी शाळेतल्या मुलांना हातवारे पाठ करायला लावणाऱ्यांच्या कायम विरोधात आहे. ‘आकाश’ म्हटलं की हात वर, ‘आई’ म्हटलं की छातीवर, अशी मुलं बक्षीस घेऊन जातात आणि पुढं कॉलेजात एक साधं वाक्य साधेपणानं बोलू शकत नाहीत.

स्टेजवर येरझाऱ्या घालू नका. मुद्दा बदलला की दोन-तीन पावलं टाका, थांबा, मग बोला. हातात सुटा कागद धरू नका, त्याची थरथर शेवटच्या रांगेला दिसते. पुठ्ठ्यावर चिकटवा.

दुसऱ्या गावचा सूर उसना घेणं हीसुद्धा चूकच. घरात कोल्हापुरी बोलणारा माणूस माईकवर पुण्याच्या बातम्या दिल्यासारखा बोलायला लागला की प्रत्येक शब्दाआधी तो सांभाळून पाऊल टाकतो आणि श्वासाची लयच जाते. प्रमाण शब्द जरूर वापरा, पण हेल तुमचाच राहू द्या.

ओरडणं आणि ऐकू जाणं यात फरक आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 साली सुरू झालं तेव्हा तिथं माईक नव्हता. ऑगस्ट 2024च्या आगीत ते जळालं तेव्हा अख्खं शहर हळहळलं. तिथले जुने नट शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे, कारण त्यांचे स्वर पूर्ण उघडे आणि व्यंजनं स्वच्छ असायची. लांबवर आधी हरवतात ती व्यंजनंच. पंधरा मिनिटं मोठ्यानं वर्तमानपत्र वाचा, प्रत्येक अक्षर ओठांवर आणि जिभेवर घेऊन. दोन दिवसांत वक्ता करून देणाऱ्या शिबिरापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

घशाचं थोडक्यात. सारखं खाकरू नका, त्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. बसलेला आवाज कुजबुजून वाचत नाही, उलट ताण येऊ शकतो, त्यापेक्षा गप्प बसा. ऐन वेळी प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंवरून जात नाही, म्हणून सकाळपासूनच पाणी पीत राहा. आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगराच असेल तर लवंग-खडीसाखर चघळत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

शेवटचा वक्ता असाल तर रात्री दहाला स्पीकर बंद होणार हे धरूनच चला. पावणेदहाला माईक मिळाला म्हणून माणसं अर्ध्या तासाचं भाषण पंधरा मिनिटांत कोंबतात. त्यापेक्षा मुद्दे गाळा. कोणते गाळायचे ते घरीच ठरवून, त्यांच्यापुढं खूण करून ठेवा.

आणि माईकवर फुंकर मारू नका, बोटानं टकटक करू नका, त्याच्या जाळीला मूठ आवळून धरू नका, शिट्टी तिथूनच सुरू होते. तोंडापासून चारेक बोटं अंतर, थोडा तिरपा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा धपका बसत नाही. लोक यायच्या आधी जाऊन साउंडवाल्याला भेटा. ‘हॅलो, चेक’ म्हणून थांबू नका, भाषणाचं सगळ्यात हळू आवाजातलं वाक्य त्याला म्हणून दाखवा आणि एकाला मागच्या रांगेत उभं करून शेवटचा शब्द ऐकू आला का ते विचारा.