ओझरहून विमान धरताय? अंतर मोजताना या चुका टाळा

तिकिटं काढून देण्याच्या धंद्यात रोज कुणीतरी विचारतं, "दादा, इथून अहमदाबाद किती?" मी म्हणतो, किलोमीटर सांगू की वेळ? समोरचा म्हणतो, एकच की ते. नाही हो, एकच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भागाकार. ओझर, म्हणजे नाशिकचं विमानतळ, ते अहमदाबाद हवाई अंतर सुमारे 350 किमी. आमच्या एका काकांनी मोबाईलवर ते बघितलं, विमान ताशी 800 ने उडतं असं धरलं आणि अर्ध्या तासाच्या आत हिशेब मिटवला. चारचं विमान, साडेचारला अहमदाबाद, साडेपाचला कालूपूर स्टेशनवरून गाडी. गाडीचं आरक्षण आधी करून मग माझ्याकडे आले. तिकिटावर पोहोचायची वेळ 5.20 होती, मी बोट ठेवून दाखवली. "कंपन्या मुद्दाम जास्त लिहितात," काका म्हणाले. विमान अगदी वेळेवर उतरलं. बॅगा पट्ट्यावर यायच्या आत गाडी सुटली आणि सहा माणसांनी टॅक्सीने नडियाद गाठलं.

जवळच्या अशा मार्गांवर बऱ्याचदा पंख्याचं एटीआर 72 असतं. ते ताशी 500 च्या आसपास जातं, तेही वर पोहोचल्यावर. चढण्यात आणि उतरण्यात तो वेग नसतो. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तिथून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही आली. मी स्वतः भागाकार करतच नाही. तिकिटावरची पोहोचायची वेळ घेतो, पुढे दोन तास कोरे सोडतो आणि मगच गाडी बघतो. घाईवाल्यांना हे भित्रेपणाचं वाटतं. वाटू दे.

अहमदाबादच्या हवाई अंतराचा आकडा 189 दिसला म्हणून खूश होऊ नका, ते नॉटिकल मैल असतील. एक म्हणजे 1.852 किमी.

विमानतळांच्या यादीत "गांधीनगर" दिसलं तर थांबा. नाशिकचं गांधीनगर लष्कराचं आहे, तिथून तुम्हाला कुणी उडवणार नाही.

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. मोपा उत्तरेला, दाबोळी दक्षिणेकडे. मडगावला उतरायचंय आणि तिकीट मोप्याचं, असं झालं तर विमानात वाचवलेला वेळ रस्त्यावर जातो.

शिर्डीचं विमानतळ काकडीला आहे. येताना ते स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि गाडी मात्र ओझरला लावलेली, असे महाभागही पाहिलेत.

आणि ओझर म्हणजे नाशिक नव्हे, हे नाशिककरांनाच सांगावं लागतं! शहरापासून वीसेक किलोमीटर. नकाशा अर्धा-पाऊण तास दाखवतो, पण नकाशाला द्वारका सर्कलची संध्याकाळ माहीत नाही. नाशिकरोडहून येणाऱ्यांचं निम्मं धैर्य तिथेच संपतं. मग आडगाव, दहावा मैल आणि आत जानोरीकडे वळण. काउंटर सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. मी तीन तास आधी घर सोडतो. लवकर पोहोचलो तर चहा पितो.

ते काका परवा पुन्हा आले होते. इंदूरला जायचंय. रस्त्याने चारशेच्या वर, हवेतून अहमदाबादइतकंच, सुमारे 350. मी आकडा सांगितला आणि काकांनी मोबाईल काढून भागाकार सुरू केला.