लिनक्सवर लाँचर बनवताना या चुका टाळा

टर्मिनलमध्ये कमांड बिनतक्रार चालते, पण तीच लाँचरमध्ये, म्हणजे प्रोग्राम सुरू करणाऱ्या आयकॉनमध्ये, घातली की आयकॉनवर कितीही क्लिक करा, काही हलत नाही. अशा वेळी आधी लाँचरची माहिती ठेवणाऱ्या डॉट-डेस्कटॉप फाइलमधली 'एक्झेक'ची ओळ पाहा; काय चालवायचं ते तीच सांगते.

ही ओळ शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांडचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्राममधून, जात नाही. म्हणून होम फोल्डरसाठीचं ~, डॉलरने सुरू होणारी व्हेरिएबल्स, एलियास (कमांडला दिलेली टोपणनावं), दोन कमांड जोडणारं && यातलं काहीच तिथे चालत नाही. बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये वाढवलेला पाथही (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) ग्राफिकल सेशनपर्यंत पोचेलच असं नाही. तेव्हा प्रोग्रामचा / पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहा. त्यात स्पेस असेल तर पत्ता दुहेरी अवतरणात घाला; % असेल तर %% लिहा. शेलची करामत हवीच असेल तर छोटी स्क्रिप्ट करा, तिला सीएचमॉड या कमांडने चालवण्याची परवानगी द्या आणि 'एक्झेक'मध्ये तिचाच पत्ता द्या. तिथल्या तिथे शेलला बोलावणारं 'एसएच -सी' लावता येतं, पण मग अवतरणं आणि बॅकस्लॅश सांभाळता सांभाळता जीव जातो.

प्रोग्राम शेजारच्या फाइली शोधत असेल तर त्याचं फोल्डर डॉट-डेस्कटॉप फाइलमधल्या 'पाथ' या ओळीत द्या (वरचा पाथ वेगळा). टर्मिनलवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी 'टर्मिनल'ची किंमत ट्रू हवी. आयकॉनचा पूर्ण पत्ता देत असाल तर एक्स्टेन्शनसकट, थीममधलं नुसतं नाव देत असाल तर एक्स्टेन्शनशिवाय.

/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्समधली फाइल थेट बदलू नका, पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जाईल. त्याच नावाची प्रत ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये ठेवा, तिलाच प्राधान्य मिळतं. ही प्रत करायला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागत नाही. प्रतीत बदल करूनही फरक पडत नसेल तर तिच्यातली 'डीबसॲक्टिव्हेटेबल' ही ओळ ट्रू आहे का बघा. तसं असेल तर 'एक्झेक'ऐवजी डी-बस या प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या यंत्रणेमार्फत प्रोग्राम सुरू होतो. ते फॉल्स करा.

डॉकमध्ये एकाच प्रोग्रामचे दोन आयकॉन दिसतात, कारण फाइलमधली 'स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास' ही ओळ खिडकीच्या क्लासशी (खिडकी कोणत्या प्रोग्रामची ते सांगणाऱ्या नावाशी) जुळत नाही. एक्स११ या डिस्प्ले यंत्रणेवर एक्सप्रॉप ही कमांड चालवून खिडकीवर क्लिक करा. क्लासच्या ओळीत सहसा दोन नावं येतात, त्यातलं दुसरं त्या ओळीत घाला.

शेवटी फाइल तपासणारी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही कमांड चालवा. काहीच छापलं नाही तर रचना ठीक आहे, पण 'एक्झेक'मधला प्रोग्राम खरोखर त्या जागी आहे का, हे ती बघत नाही. तरीही अडलंच, तर टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल --यूजर -एफ' (नोंदी दाखवणारी कमांड) चालू ठेवून आयकॉनवर क्लिक करा; ग्नोम डेस्कटॉपवर खरा एरर बहुधा तिथेच उमटतो.