वक्र कट: एरर न देता फसवणारा

सॉलिडवर्क्स या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये एक्स्ट्रूड (स्केच सरळ ओढून घन करणं), रिव्हॉल्व्ह (अक्षाभोवती फिरवून घन करणं) जमतं, स्केच निळ्याचं काळं करता येतं, म्हणजे पूर्ण पक्कं करता येतं, एवढं धरून चालतो.

गोल पृष्ठभागावर खाच पाडायची म्हटली की हात आपसूक एक्स्ट्रूड कटकडे जातो. माझा अजूनही जातो. ५० मिमी व्यासाचा दंडगोल घ्या. त्याच्या अंगावर २० मिमी रुंद पॉकेट (खाच), ब्लाइंड कट (दिलेल्या खोलीपर्यंतच जाणारा), मध्यावर खोली ३ मिमी. वरून बघितलं तर झकास. आता आडवा सेक्शन (छेद) काढा. तळ सपाट आहे, पण वरचा पृष्ठभाग मध्यापासून १० मिमीवर जवळपास २.१ मिमी उतरलेला आहे. म्हणजे कडेला खोली उरली जेमतेम ०.९! ड्रॉइंगवर मात्र दिमाखात ३. सॉफ्टवेअर चूं करत नाही, कारण तुम्ही सांगितलं तेच त्यानं केलं. लाल खूण आली असती तर शोधाशोध तरी केली असती. म्हणून वक्र कट झाला की आधी सेक्शन, मग सेव्ह. यात आळस करू नका.

घाबरायचं कारण नाही, दुरुस्ती सोपी आहे. सॉलिडवर्क्समध्ये 'ब्लाइंड'ऐवजी 'ऑफसेट फ्रॉम सरफेस' निवडा, बाहेरचा गोल पृष्ठभाग द्या, ३ टाका. तळ २२ मिमी त्रिज्येचा होतो आणि खोली सगळीकडे सारखी. 'ट्रान्सलेट सरफेस'वर टिक नको, नाहीतर २५ त्रिज्येचाच तळ नुसता खाली सरकतो आणि कडेला पुन्हा मार खातो. एवढं करूनही भिंती एक्स्ट्रूडच्या दिशेला समांतरच राहतात. त्या पृष्ठभागाला काटकोनात हव्या असतील तर तेवढाच सरफेस वेगळा काढून थिकन कट (सरफेसला जाडी देऊन तेवढं मटेरियल कापणं) करा.

कुणी अनुभवी माणूस हातातला माउस घेऊन दोन क्लिकमध्ये 'करून देतो' म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. फीचर त्याचं होतं, तुम्ही कोरडे राहता. व्हिडिओ बघून क्लिक गिरवण्याचंही तेच.

स्वीप कटचं थोडक्यात. यात एक आकार (प्रोफाइल) एका वाटेवरून (पाथ) फिरवत कापतात. पाथचं वळण ५ मिमी त्रिज्येचं आणि त्यावर मध्य ठेवलेलं प्रोफाइल ६ मिमी त्रिज्येचं असेल, तर आतल्या बाजूला ते स्वतःलाच छेदतं आणि कट बहुधा फसतो. प्रोफाइल पाथला बांधताना 'कोइन्सिडेंट' (बिंदू नुसता रेषेवर ठेवणारं बंधन) नको, 'पीअर्स' (पाथ स्केचच्या प्रतलाला जिथे छेदतो तिथेच बिंदू बांधणारं) द्या. आणि पाथ पार्टच्या कडेवर न संपवता थोडा बाहेर काढा, नाहीतर तिरक्या तोंडाशी मटेरियलची पाचर शिल्लक राहते.